युरोपीय महासंघाचे समान परराष्ट्र धोरण कसे अभ्यासावे? एका निर्णयाचा माग काढण्याची पद्धत

युरोपीय महासंघातील २७ देशांपैकी प्रत्येकाला स्वतःचे परराष्ट्र मंत्रालय आहे, स्वतःचे राजदूत आहेत आणि स्वतःचे जुने स्नेह व जुनी वैरेही आहेत. तरीही हे देश मिळून ‘समान परराष्ट्र व सुरक्षा धोरण’ चालवतात आणि त्यातील बहुतेक निर्णय एकमताने घेतात. राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हा विषय आकर्षित करतो, पण या विषयावरचे अनेक प्रबंध एकाच साच्यात अडकतात. पहिल्या प्रकरणात करारांची कलमे, दुसऱ्यात संस्थांची माहिती, तिसऱ्यात एखाद्या संकटाचा आढावा आणि शेवटी महासंघ दुबळा आहे किंवा समर्थ आहे असा शेरा, अशी त्यांची मांडणी असते. धोरण प्रत्यक्षात घडले कसे, हा मूळ प्रश्न त्यात अनुत्तरित राहतो.

या लेखात सुचवलेली पद्धत उलट दिशेने जाते. एकच निर्णय निवडावा, त्याचा अंतिम मजकूर समोर ठेवावा आणि तेथून मागे मागे जात तो मजकूर तसा का झाला, हे शोधावे. मजकुरातील सवलती, मुदती, अपवाद आणि गळलेली नावे यांतच देशादेशांमधील घासाघीस नोंदली गेलेली असते. भाषणांपेक्षा अपवादांवर अधिक विश्वास ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

पायरी १ : कोण कोठे बसते, हे पक्के करावे

सारख्या नावांच्या तीन संस्था आधी वेगळ्या ओळखायला हव्यात. ‘युरोपीय परिषद’ ही सदस्य देशांच्या राष्ट्रप्रमुखांची व शासनप्रमुखांची शिखर परिषद असून डिसेंबर २०२४ पासून अंतोनियो कोस्टा तिचे अध्यक्ष आहेत. ‘मंत्रिपरिषद’ ही मंत्र्यांची संस्था आहे. परराष्ट्रमंत्री जमतात तेव्हा तिला परराष्ट्र व्यवहार परिषद म्हणतात आणि तिचे अध्यक्षस्थान महासंघाच्या उच्च प्रतिनिधीकडे असते. डिसेंबर २०२४ पासून काया कालास या पदावर आहेत. स्ट्रासबर्ग येथील ‘कौन्सिल ऑफ युरोप’ ही ४६ सदस्यांची तिसरी संघटना महासंघाचा भाग नाही, तरी तिचे ठराव महासंघाच्या नावावर खपवल्याचे विद्यार्थ्यांच्या लेखनात वारंवार आढळते.

मंत्र्यांपर्यंत विषय पोहोचण्याआधी तो ब्रुसेल्समध्ये अनेक टप्पे पार करतो. सर्वांत खाली प्रदेशवार किंवा विषयवार कार्यगट असतात, उदाहरणार्थ आशिया व ओशनियासाठी एक, पूर्व युरोप व मध्य आशियासाठी दुसरा. त्यांच्यावर राजकीय व सुरक्षा समिती असते. तिच्यातील राजदूत साधारणपणे आठवड्यातून दोनदा भेटतात. त्याच्याही वर कायम प्रतिनिधींची, म्हणजे सदस्य देशांनी महासंघाकडे पाठवलेल्या राजदूतांची, समिती आणि मग मंत्री. निर्बंधांचा विषय असेल तर परराष्ट्र संबंध सल्लागारांचा ‘रेलेक्स’ हा कार्यगट कायदेशीर मसुदा शब्दाशब्दाने तपासतो. वर्तमानपत्रांचे लक्ष मंत्र्यांच्या बैठकीकडे असते. पण मंत्र्यांच्या कार्यक्रमपत्रिकेतील अनेक विषय चर्चेविना मंजूर होतात, कारण त्यांवर खालच्या टप्प्यांवरच सहमती झालेली असते. म्हणून आपला विषय नेमका कोणत्या टप्प्यावर सुटला किंवा अडला, हे शोधणे हे पहिले ठोस काम.

या रचनेचा इतिहास थोडक्यात पण तारखांसह माहीत असावा. १९७० च्या लक्झेंबर्ग अहवालाने परराष्ट्रमंत्र्यांच्या सल्लामसलतीची सुरुवात झाली, तेव्हा तिला मूळ करारांचा आधार नव्हता. १९९२ मध्ये सही होऊन नोव्हेंबर १९९३ मध्ये लागू झालेल्या मास्ट्रिख्ट कराराने समान परराष्ट्र व सुरक्षा धोरणाला अधिकृत स्थान दिले. १९९९ मध्ये हाविएर सोलाना उच्च प्रतिनिधी झाले. १ डिसेंबर २००९ रोजी लागू झालेल्या लिस्बन कराराने हे पद युरोपीय आयोगाच्या (महासंघाच्या कार्यकारी संस्थेच्या) उपाध्यक्षपदाशी जोडले आणि २०११ पासून महासंघाची स्वतःची परराष्ट्र सेवा कामाला लागली. प्रत्येक टप्पा त्या त्या वेळच्या घटनांशेजारी ठेवून वाचावा. मास्ट्रिख्टचा मसुदा पूर्ण होत असतानाच, २३ डिसेंबर १९९१ रोजी, जर्मनीने इतरांची वाट न पाहता युगोस्लाव्हियातून फुटलेल्या स्लोव्हेनिया व क्रोएशियाला मान्यता दिली आणि बाकीच्यांना १५ जानेवारी १९९२ रोजी तिच्यामागे जावे लागले. समान धोरणाचा करार आणि त्याच काळातील ही एकतर्फी कृती एकत्र पाहिल्याशिवाय त्या कराराच्या मर्यादा उमगत नाहीत.

पायरी २ : निर्णयाचा कायदेशीर आधार तपासावा

निर्णयाच्या मजकुराच्या पहिल्याच ओळींत तो कोणत्या कलमाखाली घेतला आहे, हे लिहिलेले असते. ती ओळ वगळून पुढे जाऊ नये, कारण कलमावरून मतदानाचा नियम ठरतो आणि मतदानाच्या नियमावरून कोणाला अडवणूक करता येईल, हे ठरते.

महासंघाच्या मूळ कराराच्या पाचव्या विभागातील कलम ३१ नुसार परराष्ट्र धोरणाचे निर्णय सामान्यतः एकमताने होतात. याच कलमात रचनात्मक तटस्थतेची सोय आहे : एखादा देश औपचारिक निवेदन देऊन बाजूला राहू शकतो, निर्णय त्याला स्वतःला लागू होत नाही, पण तो महासंघावर बंधनकारक असल्याचे त्याने मान्य करायचे असते. असे बाजूला राहणारे देश एकतृतीयांश असतील आणि त्यांची लोकसंख्याही महासंघाच्या एकतृतीयांश असेल, तर मात्र निर्णय होत नाही. २००८ मध्ये कोसोव्होतील कायदा-सुव्यवस्था मोहिमेच्या वेळी सायप्रसने हा मार्ग वापरला होता. मोजक्या बाबींत, जसे आधीच्या निर्णयाची अंमलबजावणी करताना किंवा विशेष प्रतिनिधी नेमताना, पात्र बहुमत पुरते, म्हणजे किमान ५५ टक्के देश आणि ६५ टक्के लोकसंख्या. तेथेही एखादा देश राष्ट्रीय धोरणाची अत्यंत महत्त्वाची कारणे सांगून मतदान थांबवू शकतो.

निर्बंधांच्या बाबतीत दोन कागद जोडीने वाचावे लागतात. कलम २९ खालचा निर्णय एकमताने होतो आणि त्यात राजकीय भूमिका ठरते. त्यानंतर महासंघाच्या कार्यपद्धतीविषयक कराराच्या कलम २१५ खाली नियमन निघते. मालमत्ता गोठवणे, आयातबंदी वगैरे आर्थिक बाबी त्याने सर्व देशांत थेट लागू होतात. रशियाविरुद्धच्या क्षेत्रवार निर्बंधांच्या बाबतीत २०१४ चा निर्णय क्रमांक ५१२ आणि त्याच वर्षीचे नियमन क्रमांक ८३३ ही अशी जोडी आहे. निर्बंधांच्या अभ्यासात एक वाचून दुसरे सोडले, तर अर्धेच चित्र हाती येते.

कायदेशीर आधार बदलण्यातही राजकारण असते. रशियन मध्यवर्ती बँकेची मालमत्ता गोठवण्याची मुदत दर सहा महिन्यांनी एकमताने वाढवावी लागत असे आणि प्रत्येक वेळी एकाच देशाच्या नकाराची टांगती तलवार राही. डिसेंबर २०२५ मध्ये मंत्रिपरिषदेने आर्थिक आणीबाणीसाठीच्या कलम १२२ चा आधार घेऊन ही मालमत्ता जागेवरच रोखून धरण्याचा निर्णय बहुमताने केला. हंगेरी व स्लोवाकिया यांनी विरोधी मत दिले. परराष्ट्र धोरणाचा प्रश्न परराष्ट्र धोरणाच्या प्रकरणातून बाहेर काढून सोडवला गेला. ही हालचाल ज्याच्या नजरेतून सुटली, त्याच्या हाती या प्रसंगाचा गाभाच लागणार नाही.

पायरी ३ : एकच निर्णय निवडावा आणि त्याची कालरेषा तयार करावी

‘महासंघाचे रशियाविषयक धोरण’ हा विषय एका प्रबंधात मावत नाही. ‘जून २०२२ मधील तेलबंदी’ मावतो. निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात : अंतिम मजकूर राजपत्रात उपलब्ध आहे का, निर्णयाला वेळ लागला का, आणि प्रस्ताव व अंतिम रूप यांत फरक आहे का. ज्या निर्णयावर एका दिवसात एकमत झाले, त्यातून प्रक्रियेविषयी फार काही शिकायला मिळत नाही.

तेलबंदीचे उदाहरण येथे सविस्तर घेतो, कारण तिच्यात जवळजवळ सर्व धडे एकत्र सापडतात. ४ मे २०२२ रोजी आयोगाच्या अध्यक्ष उर्सुला फॉन डेर लायन यांनी स्ट्रासबर्गला युरोपीय संसदेत रशियन तेलावर टप्प्याटप्प्याने संपूर्ण बंदी घालण्याचा प्रस्ताव जाहीर केला. हंगेरी व स्लोवाकिया यांना काही जादा मुदत द्यावी, एवढीच सवलत सुरुवातीला विचारात होती, असे त्या वेळच्या वार्तांकनातून दिसते. दोनच दिवसांनी हंगेरीचे पंतप्रधान व्हिक्टर ऑर्बान यांनी या प्रस्तावाची तुलना हंगेरीच्या अर्थव्यवस्थेवरील अणुबॉम्बशी केली. पुढचे तीन आठवडे विषय राजदूतांच्या पातळीवर अडकून राहिला. ३० व ३१ मे रोजीच्या शिखर परिषदेत तोडगा निघाला, २ जूनला राजदूतांनी मजकूर मंजूर केला आणि ३ जूनला निर्बंधांचा सहावा संच अधिकृतपणे संमत झाला.

आता अंतिम मजकूर प्रस्तावाशेजारी ठेवावा. समुद्रमार्गे येणाऱ्या कच्च्या तेलावर सहा महिन्यांनी आणि शुद्ध केलेल्या उत्पादनांवर आठ महिन्यांनी बंदी लागू व्हायची होती, त्याप्रमाणे ती ५ डिसेंबर २०२२ आणि ५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू झाली. नळमार्गाने येणारे कच्चे तेल मात्र वगळले गेले आणि या अपवादाला ‘तात्पुरता’ म्हणत असतानाच त्याला शेवटची तारीख दिली गेली नाही; तो संपवायचा तर मंत्रिपरिषदेने पुन्हा निर्णय करायचा. ज्यांना केवळ जादा मुदत देऊ केली होती त्यांना बेमुदत सवलत मिळाली. त्यातही सवलत देशाच्या नावाने न देता वाहतुकीच्या मार्गाने दिली. रशियन तेल युरोपात आणणाऱ्या द्रुझबा नळमार्गाच्या दक्षिण शाखेवर हंगेरी, स्लोवाकिया आणि चेकिया हे तीन भूवेष्टित देश अवलंबून होते. त्याच नळमार्गाच्या उत्तर शाखेवरील जर्मनी व पोलंड यांनी आपण वर्षअखेर तेल घेणे थांबवू, असे राजकीय वचन दिले, ते मात्र त्या वेळी कायद्यात आले नाही. बल्गेरियाला समुद्री किनारा असूनही २०२४ अखेरपर्यंतची वेगळी सूट मिळाली. प्रत्येक अपवादापुढे एका देशाचे नाव लिहून तक्ता केला की वाटाघाटीचा नकाशा आपोआप उभा राहतो.

जे मजकुरातून गळले तेही नोंदवावे. रशियन ऑर्थोडॉक्स चर्चचे प्रमुख धर्मगुरू किरील यांचे नाव प्रस्तावित यादीत होते. शिखर परिषदेनंतरही हंगेरीने आक्षेप कायम ठेवल्यामुळे ते काढले गेले. युरोपीय मालकीच्या जहाजांनी रशियन तेल तिसऱ्या देशांत नेऊ नये, ही तरतूदही ग्रीस, सायप्रस व माल्टा या जहाजवाहतुकीवर जगणाऱ्या देशांच्या विरोधामुळे त्या संचातून वगळली गेली. भारताशी याचा थेट संबंध आहे, कारण त्यानंतर भारतीय बंदरांत आलेल्या रशियन तेलाचा बराच भाग ग्रीक मालकीच्या टँकरांनी वाहिला. एका गळलेल्या वाक्याचा परिणाम ब्रुसेल्सपासून किती दूर दिसतो, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

पायरी ४ : निवेदनांची प्रतवारी ओळखावी

महासंघाची सगळी निवेदने एका वजनाची नसतात. ‘महासंघाच्या वतीने उच्च प्रतिनिधींची घोषणा’ असे शीर्षक असेल तर तिला सर्व २७ देशांची संमती घेतलेली असते. नुसते ‘उच्च प्रतिनिधींचे निवेदन’ असेल तर ते त्यांनी स्वतःच्या जबाबदारीवर काढलेले असते. प्रवक्त्याचे निवेदन त्याहून खालच्या पातळीचे. याखेरीज मंत्रिपरिषदेचे ‘निष्कर्ष’ आणि शिखर परिषदेचे ‘निष्कर्ष’ असतात आणि तेही एकमताने संमत होतात.

अपेक्षित प्रत न दिसता खालची प्रत दिसली, तर कोठे तरी एकमत मोडले असण्याची शक्यता असते. १८ मे २०२१ रोजी इस्रायल-गाझा संघर्षावर परराष्ट्रमंत्र्यांची दूरसंवाद बैठक झाली. हंगेरीने संयुक्त मजकुराला पाठिंबा दिला नाही, त्यामुळे तेव्हाचे उच्च प्रतिनिधी जोसेप बोरेल यांनी युद्धबंदीचे आवाहन बहुसंख्य देशांची भूमिका म्हणून मांडले. ६ मार्च २०२५ रोजी तर युक्रेनविषयीचा मजकूर २७ पैकी २६ नेत्यांच्या पाठिंब्याचा म्हणून उघडपणे वेगळा छापला गेला. शीर्षके, तारखा आणि पाठिंबा देणाऱ्यांची संख्या यांची स्वतंत्र नोंदवही ठेवावी. काही वर्षांच्या नोंदी जमल्या की मतभेद कोणत्या विषयांवर साचतात, ते दिसू लागते.

पायरी ५ : ब्रुसेल्स सोडून राजधान्यांकडे जावे

एखाद्या देशाने अडवणूक केली की तिचे कारण त्याच विषयात शोधण्याची सवय असते, पण ते दुसऱ्याच विषयात असू शकते. बेलारूसमध्ये ९ ऑगस्ट २०२० च्या निवडणुकीनंतर दडपशाही झाली आणि निर्बंधांवर तत्त्वतः सर्वांची सहमती होती. तरी सायप्रसने सप्टेंबरमध्ये संमती रोखून धरली. त्याचा आक्षेप बेलारूसशी संबंधित नव्हता. पूर्व भूमध्य समुद्रात तुर्कस्तान करत असलेल्या तेल-वायूच्या उत्खननाबाबत महासंघाने कडक भूमिका घ्यावी, ही त्याची मागणी होती. १ व २ ऑक्टोबरच्या शिखर परिषदेत तुर्कस्तानविषयक मजकुरावर समझोता झाला आणि २ ऑक्टोबरलाच बेलारूसमधील ४० व्यक्तींवर निर्बंध लागले. दोन्ही विषयांच्या कालरेषा शेजारी शेजारी आखल्याशिवाय हे उलगडत नाही.

येथे सावधगिरीचीही गरज आहे. जून २०१७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेत चीनवर टीका करणारे महासंघाचे निवेदन ग्रीसने अडवले. आदल्याच वर्षी पिरेयस बंदराचा बहुसंख्य हिस्सा चिनी कंपनी कॉस्कोने घेतला होता. ही जोडणी इतकी सहज सुचते की पुराव्याशिवायच ती निष्कर्ष म्हणून लिहिली जाते. गुंतवणूक कारण असेल, तर इतर विषयांवरही ग्रीसची तशीच भूमिका दिसायला हवी. ग्रीक संसदेतील चर्चा, मंत्र्यांची स्पष्टीकरणे आणि त्याच काळातील कर्जाच्या वाटाघाटींमुळे आलेली नाराजी हे पर्यायही तपासायला हवेत. दोन घटना लागोपाठ घडल्या, एवढ्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेतील मतदान हे राजधान्यांची खरी मते तपासण्याचे उत्तम साधन आहे, कारण तेथे प्रत्येक देशाचे मत स्वतंत्र नोंदले जाते. २७ ऑक्टोबर २०२३ रोजी गाझाविषयीच्या ठरावावर महासंघाचे ८ देश बाजूने, ४ विरोधात आणि १५ तटस्थ होते. समान धोरणाची मर्यादा एका ओळीत सांगणारी अशी आकडेवारी दुसरीकडे क्वचितच मिळते.

पायरी ६ : कागद कोठून मिळवावेत

महासंघाचे राजपत्र इंटरनेटवर विनामूल्य उपलब्ध आहे. मंत्रिपरिषदेच्या दस्तऐवजांच्या सार्वजनिक नोंदवहीत कार्यक्रमपत्रिका, बैठकांची इतिवृत्ते आणि खुले केलेले मसुदे सापडतात. जे कागद खुले नसतात त्यांची मागणी २००१ च्या नियमन क्रमांक १०४९ खाली करता येते. हा हक्क महासंघाचे नागरिक व तेथील रहिवासी यांचा असला, तरी संस्था इतरांचेही अर्ज मान्य करू शकतात, म्हणून भारतातील संशोधकाने प्रयत्न करायला हरकत नाही. युरोपात शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांना मात्र रहिवासी म्हणून हा हक्क थेट मिळतो आणि त्यांनी तो आवर्जून वापरावा.

समान परराष्ट्र धोरणावर महासंघाच्या न्यायालयाचा अधिकार मर्यादित आहे, पण व्यक्ती व कंपन्यांवरील निर्बंधांची वैधता ते तपासू शकते. त्यामुळे खटल्यांच्या निकालांत एरवी न दिसणारी कारणमीमांसा वाचायला मिळते. ३ सप्टेंबर २००८ चा कादी खटल्याचा निकाल आणि २८ मार्च २०१७ चा रोसनेफ्ट खटल्याचा निकाल, निदान हे दोन तरी मुळातून वाचावेत.

पायरी ७ : मुलाखतींची तयारी

मुलाखत शेवटी घ्यावी. ज्या संशोधकाला मसुद्यातील बदल तारखेनिशी ठाऊक असतात, त्याच्याशी मुत्सद्दी मोकळेपणाने बोलतात. ‘आपल्या देशाची भूमिका काय होती?’ असे विचारले की छापील उत्तर मिळते. ‘नळमार्गाचा अपवाद देशाच्या नावाने न करता मार्गाच्या नावाने करावा, हे कोणत्या टप्प्यावर ठरले?’ असे विचारले, तर समोरच्याला नेमके आठवून सांगावे लागते. नाव प्रसिद्ध करायचे की नाही, हे आधीच लेखी ठरवून घ्यावे आणि एकाच सूत्राच्या सांगण्यावर कोणताही निष्कर्ष उभारू नये, कारण प्रत्येक जण यशात आपला वाटा मोठा सांगतो.

सुरुवातीच्या संपर्कासाठी नवी दिल्लीतील महासंघाचे शिष्टमंडळ ही उघड जागा आहे. मुंबईत जर्मनी, फ्रान्स, इटली, पोलंड यांचे आणि पणजीत पोर्तुगालचे वाणिज्य दूतावास आहेत. त्यांचे मुख्य काम व्यापार व व्हिसाचे असले, तरी आपल्या परराष्ट्र मंत्रालयातील योग्य विभागाचा पत्ता ते देऊ शकतात.

पायरी ८ : निष्कर्ष लिहिताना

प्रत्येक विधानापुढे त्याचा आधार कोणत्या प्रकारचा आहे, हे स्वतःसाठी नोंदवावे : राजपत्रातील मजकूर, अधिकृत इतिवृत्त, वार्तांकन की मुलाखत. ‘हंगेरीने सवलत मिळवली’ हे विधान मजकुरावरून सिद्ध होते. ‘हंगेरीला बंदी मुळातच नको होती’ हे विधान हेतूविषयी आहे आणि त्याला वेगळा पुरावा लागतो. प्रबंधातील बहुतेक वाद या दोन प्रकारांची सरमिसळ केल्याने उद्भवतात.

निर्णय संमत झाल्यावरही अभ्यास संपत नाही, कारण निर्बंधांना मुदत असते. रशियाविरुद्धच्या क्षेत्रवार निर्बंधांची मुदत ३१ जानेवारी व ३१ जुलै रोजी, तर व्यक्तींच्या यादीची १५ मार्च व १५ सप्टेंबर रोजी संपत आली आहे. या तारखांच्या आधीच्या आठवड्यांत घासाघीस पुन्हा सुरू होते. जानेवारी २०२५ मध्ये हंगेरीने ऊर्जासुरक्षेबाबतचे आश्वासन मिळेपर्यंत मुदतवाढ रोखून धरली आणि २७ जानेवारीला ती मान्य केली. जुलै २०२५ मधील अठरावा संच स्लोवाकियाने रशियन वायूच्या प्रश्नावरून कित्येक आठवडे अडवला होता. त्याच संचात गुजरातमधील वाडिनार येथील नायरा एनर्जीच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पावर निर्बंध आले आणि रशियन कच्च्या तेलापासून तिसऱ्या देशांत बनवलेल्या उत्पादनांच्या आयातीवरही बंदी ठरली. भारतीय अभ्यासकासाठी या पद्धतीने तपासण्याजोगा हा ताजा विषय आहे. मूळ २०१४ च्या नियमनात तेव्हापासून अनेक दुरुस्त्या झालेल्या असल्यामुळे राजपत्राच्या संकेतस्थळावरील एकत्रित आवृत्ती वापरावी आणि ती कोणत्या तारखेची आहे, हे तळटीपेत न चुकता लिहावे.